वन्य जीव-संरक्षणोपायांचे मूल्यमापन

वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी, तसेच माणूस व वन्य प्राणी यांच्यातील संघर्ष कमी करण्यासाठी योजलेल्या उपायांनी अपेक्षित परिणाम साधला किंवा नाही, हे निरीक्षण, गणना व तुलना यांच्या आधारे ठरविण्याच्या पद्धतीस संरक्षणोपायांचे शास्त्रीय मूल्यमापन असे म्हणतात. एखादा उपाय अमलात आला, त्यासाठी निधी खर्च झाला किंवा त्यामागील हेतू चांगला होता, एवढ्यावरून तो परिणामकारक ठरत नाही. उपायापूर्वीची स्थिती, उपायानंतरची स्थिती आणि उपाय न योजलेल्या तशाच दुसऱ्या प्रदेशातील स्थिती या तिन्हींची माहिती असेल, तरच खात्रीचा निर्णय करता येतो. व्यवहारात या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पुणे जिल्ह्याच्या जुन्नर भागातील बिबट्यांच्या स्थानांतरणाचे होय. त्यातून निघालेले निष्कर्ष नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड, सिन्नर यांसारख्या तालुक्यांना, म्हणजे जेथे माणूस व बिबट्या एकाच शिवारात राहतात अशा सर्व मुलखाला, लागू पडतात.

विचाराचा उगम : ही दृष्टी वन्यजीवशास्त्रात वैद्यकाकडून आली. रूढ उपचारांपैकी कोणते खरोखर गुणकारी आहेत, हे नियंत्रित चाचण्यांनी तपासले पाहिजे, असा आग्रह आर्ची कॉक्रन या ब्रिटिश वैद्याने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धरला. त्याच धर्तीवर वन्यजीव-संरक्षणाचे उपायही पारखून घ्यावेत, असे अँड्र्यू पुलिन व टेरेसा नाइट यांनी २००१ मध्ये सुचविले. २००४ मध्ये विल्यम सदरलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या पूर्व भागातील ब्रॉड्स या पाणथळ प्रदेशातील व्यवस्थापकांची पाहणी केली. त्यांचे निर्णय कशावर आधारलेले असतात असे विचारता ७७ टक्के वेळा उत्तर मिळाले, ते स्वानुभव, ऐकीव माहिती किंवा रूढ प्रघात यांचे. मूळ संशोधनाचा आधार अगदी थोड्या निर्णयांना होता. त्यानंतर केंब्रिज येथे विविध उपायांविषयीचा पुरावा गोळा करून तो प्राणिगटांनुसार संकलित करण्याचे काम सुरू झाले.

अनुभव टाकाऊ असतो, असा याचा अर्थ नाही. वनरक्षकाला, मेंढपाळाला किंवा ऊसतोड मजुराला जे दिसते ते अभ्यासकाला अनेकदा दिसत नाही. मात्र एकट्या अनुभवाला काय घडले एवढेच दिसते; उपाय योजला नसता तर काय घडले असते, हे त्यातून कळत नाही.

भारतातील दोन धडे : उपायाची पारख करावयाची, तर आधी मोजमाप विश्वसनीय हवे. भारतात व्याघ्र प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातील मेळघाटाचा त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत समावेश होता. प्रकल्पाचे यश प्रामुख्याने वाघांच्या संख्येवरून सांगितले जाई व ती संख्या पावलांच्या ठशांवरून काढली जाई. प्रत्येक वाघाचा ठसा निराळा ओळखता येतो, हे त्या पद्धतीचे गृहीतक होते. माती ओली की कोरडी, प्राणी चालत होता की धावत होता, ठसा कोणी गिरवला यांनुसार आकार बदलतो, हा आक्षेप के. उल्हास कारंथ यांनी १९८० नंतरच्या दशकातच घेतला होता. त्यांनी नागरहोळे येथे स्वयंचलित छायाचित्रकांचा वापर केला. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकाचे वेगळे असल्याने छायाचित्रांवरून व्यक्तिशः ओळख पटते आणि पुन्हापुन्हा टिपल्या गेलेल्या वाघांच्या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. शासकीय व्यवस्थेने ही पद्धत स्वीकारली ती मात्र राजस्थानातील सारिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नाही, हे २००४-०५ मध्ये उघड झाल्यानंतर. २००१-०२ च्या गणनेत देशात ३,६४२ वाघ सांगितले गेले होते. नव्या पद्धतीने २००६ मध्ये केलेल्या व २००८ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजात ते १,४११ भरले. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे सर्वस्वी घट नव्हे, कारण मोजण्याची रीत व व्याप्ती दोन्ही बदलल्या होत्या. किती वाघ खरोखर नाहीसे झाले व किती मुळातच कागदावर होते, हे आता कोणालाच ठरविता येणार नाही.

दुसरा धडा गिधाडांचा आहे आणि तो अधिक समाधानकारक आहे. १९९० नंतर भारतीय उपखंडातील गिधाडे झपाट्याने कमी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात भारतात सु. ९९.९ टक्क्यांनी घटली. प्रारंभी एखाद्या संसर्गजन्य रोगाचा संशय होता. तो खरा धरून उपाय केले असते, तर ते सारे वाया गेले असते. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने खरे कारण दाखविले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी होत होते. जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांना अपायकारक नाही, याची चाचणी त्याच सुमारास झाली होती. बंदीनंतरही जनावरांच्या मृतदेहांतील औषधाचे प्रमाण तपासत राहिल्यामुळे ते कमी झाले, परंतु नाहीसे झाले नाही, हे कळले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळविल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलि. पर्यंत मर्यादित करण्यात आला.

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील खोरीपाडा (हरसूल) येथे वन खाते व ग्रामस्थ यांनी गिधाडांना मृत जनावरे खाऊ घालण्याचे स्थान चालविले आहे. अशा स्थानांनी गिधाडांविषयी आपुलकी वाढते व त्यांवर नजर ठेवता येते. तथापि केवळ सुरक्षित अन्न पुरवून गिधाडे वाचतील, असे पुराव्यावरून म्हणता येत नाही. पाकिस्तानात अशाच एका स्थानाच्या अभ्यासात मृत्यू कमी झाले, पण थांबले नाहीत, कारण गिधाडे तेथे जेवूनही दूरदूरवर भटकत. शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी विषारी असले, तरी गिधाडांची दिसून आलेली घट होण्यास ते पुरेसे असते, असे गणिताने दाखविले आहे. येथे निर्णायक उपाय बंदीचाच.

ऊस व बिबट्या : दिंडोरी तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ असून पूर्व भाग बागायती आहे. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव या धरणांमुळे कादवा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात बारमाही पाणी आले. द्राक्षांबरोबर उसाचीही लागवड वाढली आणि कादवा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आडसाली ऊस सु. दीड वर्ष शेतात उभा असतो. एवढा काळ दाट आडोसा, जवळच पाणी, शेजारी वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरे व कोंबड्या, असा अधिवास बिबट्याला (बिबळ्याला) राखीव जंगलातही सहज मिळत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे जुन्नर, आंबेगाव व शिरूर या तालुक्यांत हेच त्याआधी घडले होते. उसात जन्मलेली बिबट्याची मादी आपली पिलेही उसातच घालते. त्यामुळे ‘जंगलातून वाट चुकून आलेला प्राणी’ हे जे वर्णन वृत्तपत्रांतून वारंवार येते, ते या मुलखापुरते तरी अपुरे आहे.

बिबट्याविषयीचे शासकीय धोरण शंभर वर्षांत पूर्णपणे उलटले. ब्रिटिश अमदानीत तो उपद्रवी प्राणी समजला जाई व त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दीड लाखाहून अधिक बिबटे बक्षिसासाठी मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकार बंद झाली. बिबट्या पुढे अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आला व मुख्य वन्यजीव रक्षकाच्या अनुमतीशिवाय त्याला पकडणे वा मारणे बेकायदा ठरले. मारता येत नाही आणि लोकांना तर तो नको आहे, या पेचातून एक सोपा वाटणारा मार्ग निघाला, तो म्हणजे पिंजरा लावून पकडावयाचे व दूरच्या जंगलात सोडून द्यावयाचे. त्यात हत्या नव्हती. गावकऱ्यांना तत्काळ दिलासा मिळे आणि वन खात्याने काही केले, हेही दिसे. उपायाची पारख करण्याची गरज कोणास वाटली नाही, याचे कारण हेच असावे.

जुन्नरचा अभ्यास : २००१ च्या फेब्रुवारीपासून २००३ च्या अखेरपर्यंत जुन्नर भागात हा उपाय मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आला. वस्त्यांच्या परिसरातून पकडलेले २९ बिबटे सरासरी सु. ४० किमी. अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय, मॉर्टन ऑडन, जॉन लिनेल व उल्हास कारंथ यांनी वन खात्याच्या नोंदींच्या आधारे या कार्यक्रमाच्या आधीच्या व नंतरच्या काळाची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. स्थानांतरणाच्या काळात ते १७ झाले. म्हणजे वाढ सव्वातीनशे टक्क्यांची होती. हल्ल्यांपैकी जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. बळी पडलेल्यांत लहान मुलांचा समावेश मोठा होता. माणसे वाचविण्यासाठी केलेल्या उपायाच्या काळातच माणसे अधिक मेली, असा याचा सरळ अर्थ आहे.

याची कारणे बिबट्याच्या स्वभावातून समजतात. बिबट्या एकेकटा राहतो व आपले क्षेत्र राखतो. तेथील आडोसे, पाणवठे, कुत्र्यांच्या जागा व माणसांच्या वेळा त्याला ठाऊक असतात आणि माणसाला टाळूनच तो जगतो. पिंजऱ्यात काही दिवस माणसांच्या गराड्यात काढल्यावर, अनेकदा जखमी अवस्थेत, तो अनोळखी मुलखात सोडला जातो. तेथे आधीचे बिबटे असतातच. तो परतीच्या दिशेने निघतो व वाटेत अपरिचित वस्त्यांमधून जातो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. तिथे नवा, बहुधा तरुण व अननुभवी बिबट्या येतो. एक प्राणी हलविल्याने दोन ठिकाणची घडी विस्कटते.

या अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. तुलना आधी व नंतर अशी आहे. त्याच काळात स्थानांतरण न झालेल्या, उसाच्या तशाच तालुक्याशी ती केलेली नाही. त्यामुळे त्या वर्षांत बिबट्यांची संख्याच वाढली असावी, असा आक्षेप घेता येतो. परंतु संख्या तीन वर्षांत चौपट होणे संभवत नाही. शिवाय केवळ संख्या वाढली असती, तर हल्ल्यांतील मृत्यूंचे प्रमाण दुप्पट का व्हावे, याचा उलगडा होत नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा अनुभवही याच दिशेने जातो. बाहेरून पकडलेले बिबटे तेथे सोडले जात असताना, विशेषतः २००४ मध्ये, उद्यानालगतच्या वस्त्यांत अनेक बळी गेले. ही प्रथा थांबल्यावर व २०११ पासून नागरिकांच्या सहभागाने कचरा, उघड्यावरील शौच व रात्रीचा वावर यांविषयी काम झाल्यावर मृत्यू पुष्कळ घटले, आणि बिबटे मात्र तेथेच राहिले. २०१५ च्या छायाचित्र-गणनेत त्या उद्यानात व त्याच्या परिसरात ३५ बिबटे ओळखले गेले.

नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले (जि. अहमदनगर; २०२४ पासून अहिल्यानगर) येथील अभ्यासाने चित्र पुरे केले. दर चौ. किमी.स तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या त्या खोऱ्यात राखीव जंगल नाही. तरी तेथे दर १०० चौ. किमी.मध्ये सु. ५ बिबटे व तितकेच तरस असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत आढळले. विष्ठेच्या पृथक्करणावरून बिबट्याच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा असून त्यांत कुत्र्यांचा वाटा एकूण आहाराच्या ३९ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा, असल्याचे दिसले. इतके बिबटे असूनही अभ्यासाच्या काळात तेथे माणसाचा बळी गेला नव्हता. बिबट्यांची संख्या व माणसांवरील हल्ले यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही.

पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. महिनाभरात तो रेल्वेमार्ग, महामार्ग व दाट वस्ती ओलांडून सु. ९० किमी. दूर मुंबईच्या सीमेवर पोहोचला. वाटेत त्याने कोणावरही हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. लोकांना ही कथा भावली व २०१४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. शास्त्रीय दृष्ट्या तिचे मोल निराळे आहे. सोडलेला बिबट्या सोडलेल्या जागी राहत नाही, ही जी पूर्वी अटकळ होती, तिला प्रत्यक्ष मार्गाचा पुरावा मिळाला.

धोरण व व्यवहार : केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने एप्रिल २०११ मध्ये मानव-बिबट्या संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. केवळ बिबट्या दिसला म्हणून त्याला पकडू नये व पकडून दूर सोडण्याचा मार्ग टाळावा, असे त्यांत सांगितले आहे. शास्त्रीय अभ्यासाचा धोरणावर इतका थेट परिणाम झाल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत. व्यवहारात मात्र पिंजरा मागे पडला नाही. गावात वासरू मारले गेले की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी होते. ज्या घरातील मूल गेले, त्या घरासमोर सरासरीची भाषा बोलता येत नाही, हेही खरे आहे. दिंडोरी तालुक्यातही जनावरांवरील हल्ल्यांबरोबर माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत व द्राक्षबागेला वा उसाला रात्री पाणी देण्यास जाणे शेतकऱ्यास धोक्याचे वाटते. विजेच्या वेळापत्रकामुळे पाणी अनेकदा रात्रीच द्यावे लागते. म्हणून शेतीपंपांना दिवसा वीज मिळणे, हा येथे संघर्ष टाळण्याचाच एक उपाय ठरतो.

पिंजरा यशस्वी वाटण्यामागे एक संख्याशास्त्रीय भ्रमही आहे. हल्ले सारख्या अंतराने होत नाहीत. काही आठवडे लागोपाठ होतात व मग दीर्घ काळ होत नाहीत. पिंजरा लागतो तो नेमका हल्ल्यांचा कळस झाल्यावर. त्यानंतरची शांतता बहुधा आपोआप आलेली असते, पण तिचे श्रेय पिंजऱ्याला मिळते. पकडला गेलेला बिबट्या हल्ला करणाराच होता का, हा प्रश्नही बहुतेक वेळा अनुत्तरित राहतो. माणसावर वारंवार हल्ला करणारा प्राणी पटविता आला, तर त्याला कायमचा काढणे योग्यच आहे. परंतु त्यासाठी ठसे, छायाचित्रे, लाळेतील जनुकीय द्रव्य यांची तपासणी आधी व्हावी लागते. पकडलेल्या प्राण्याच्या कातडीखाली सूक्ष्म खूणपट्टी बसविण्याची रीत जुन्नर भागात सुरू झाली, ती याच गरजेतून. खूणपट्टीविना तोच बिबट्या परत आला की दुसरा आला, हे सांगता येत नाही.

पर्यायी उपायांबाबतचा पुरावाही तोकडाच आहे, हे नमूद केले पाहिजे. मोठ्या मांसभक्षकांपासून पशुधन वाचविण्याच्या उपायांवरील जागतिक लेखनाचा २०१७ मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा ५६२ लेखनांपैकी अवघी २१ उपाय योजलेल्या व न योजलेल्या कळपांची तुलना करणारी निघाली. महाराष्ट्रात गोठ्यांभोवती लुकलुकणारे सौर दिवे देण्याच्या योजना झाल्या आहेत. अशा दिव्यांची नीट चाचणी चिलीमध्ये झाली व २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत काही कळपांना दिवे देऊन व काहींना न देऊन, आणि नंतर अदलाबदल करून तुलना केली होती. दिव्यांनी प्यूमा दूर राहिला, परंतु अँडीज पर्वतातील कोल्ह्यावर त्यांचा परिणाम झाला नाही. बिबट्या यांपैकी कोणासारखा वागेल, हे येथेच तपासावे लागेल. त्या मानाने रात्री जनावरे वरून व बाजूंनी बंद असलेल्या गोठ्यात ठेवणे हा उपाय सयुक्तिक आहे व स्वस्तही पडतो. ऊसतोडीत सापडलेली पिले त्याच रात्री त्याच शेतात खोक्यात ठेवली, तर मादी ती उचलून नेते, हे जुन्नर व नाशिक भागांत छायाचित्रकांच्या साहाय्याने अनेकदा दिसून आले आहे. पिले गमावलेली मादी परिसरात अस्वस्थपणे हिंडते, म्हणून या साध्या कृतीचे महत्त्व विशेष आहे.

२०२५ च्या अखेरीस पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांत बळींची संख्या वाढल्यावर बिबट्यांना पकडून राज्याबाहेर पाठविणे, मोठी बंदिस्त केंद्रे उभारणे, माद्यांना गर्भनिरोधक लस देणे असे प्रस्ताव पुढे आले. यांपैकी गर्भनिरोधन यशस्वी झाले, तरी प्रौढ बिबटे काही वर्षे तेथेच राहणार असल्याने त्याचा परिणाम लगेच दिसणार नाही. त्याची पारख दीर्घकाळच्या गणनेवरच करावी लागेल आणि तशी मूळ गणना लस देण्यापूर्वी होणे आवश्यक आहे. पशुधन मारले गेल्यास भरपाईसाठी वन खाते पंचनामा करते. त्यात गाव, दिनांक व जनावराचा प्रकार नोंदलेला असतो. जुन्नरचा अभ्यास शक्य झाला, तो खात्याच्या अशाच जुन्या नोंदींमुळे. गोठा बंदिस्त होता की उघडा, हल्ला दिवसा झाला की रात्री, ऊस उभा होता की तोडलेला, त्या भागातून अलीकडे बिबट्या पकडला गेला होता काय, एवढ्या बाबी पंचनाम्यात नियमाने लिहिल्या गेल्या, तर दिंडोरीसारख्या एका तालुक्यातूनही काही वर्षांत निरनिराळ्या उपायांची तुलना करण्याजोगी सामग्री उपलब्ध होऊ शकते.